कलरभाऊच्या उरलेल्या फ्रेमा

कलरभाऊशी बोलायला उभं राहिलं की तो आपल्या तोंडाकडे पाहत नसे. आपल्या खांद्यावरून मागं कुठंतरी पाहायचा. नव्या माणसाला वाटायचं, मागून बैल उधळला की काय. मग तो आपला दंड धरून आपल्याला हळूच बाजूला करायचा. "सरका थोडे. तुमच्या मागं हिरवा आहे." वळून पाहावं तर पानटपरीचं उघडं दार, नाहीतर काट्याच्या कुंपणावर वाळत टाकलेली चादर. एकदा तहसीलचे एक साहेब फोटो काढायला आले, तर त्यांनाही यानं असंच सरकवलं. साहेब चिडले. "अरे, फोटो माझा काढायचा आहे ना?" तर हा म्हणतो, "तुमचा काढतोच ना साहेब. तुमी कुठं पळून चालले? ऊन पळून राह्यलं."

आमचं मालेगाव वाशिमच्या वाटेवरचं, नाशिकवाल्यांचं नव्हे. बस स्टँडसमोर, सायकलच्या दुकानाला लागून त्याचा स्टुडिओ होता. त्याचं खरं नाव उत्तम. पण गावात पहिल्यांदा रंगीत रोल त्यानं आणला आणि तेव्हापासून लहानथोर त्याला कलरभाऊच म्हणू लागले. मी त्याच गावात चित्रकलेचा शिक्षक. नागपूरला शिकून आलेलो, त्यामुळे कलेबद्दल कोणाला काही शंका आली की ती माझ्याकडे येई आणि मी ती मिटवून टाकत असे. कलरभाऊला जाऊन आता काही वर्षं झाली. गावात आजही सांगतात की नाव कलरभाऊ असलं तरी त्याचं खरं काम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये होतं, रंगीताचा नाद त्यानं स्वतःहूनच सोडला. हे खरं नाही. खरं काय ते जवळून पाहिलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

त्या काळी काळ्या-पांढऱ्या फोटोचं सगळं काम स्टुडिओतच व्हायचं. मागच्या खोलीत अंधार करून फोटोग्राफर स्वतः रोल धुवायचा, स्वतः कागदावर उतरवायचा. रंगीत रोल मात्र अकोल्याच्या लॅबला पाठवावा लागे. कलरभाऊ तो डबीत घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि आठवड्यानं फोटो घेऊन दुसरा ड्रायव्हर यायचा. रोल महाग, म्हणून तो फक्त लग्नाला वापरायचा. लग्न आटोपलं, नवरी गाडीत बसली, तरी रोलच्या शेवटी दोन-चार फोटोंची जागा उरायचीच. ती संपवल्याशिवाय रोल अकोल्याला जात नसे. बाकीचे फोटोग्राफर त्या जागेत आपल्या पोराचा फोटो काढत, नाहीतर देव्हाऱ्याचा. कलरभाऊ ती उरलेली जागा घेऊन गावात हिंडायला निघायचा.

त्या उरलेल्या फ्रेमांमध्ये त्यानं काय काय काढलं, ते सांगितलं तर आजही कोणी हसेल. हँडपंपाखाली ठेवलेली लाल प्लॅस्टिकची बादली. हळकुंडं उकळून झाल्यावर पिवळ्या झालेल्या हातांनी बिडी पेटवणारा माणूस. न्हाव्याच्या दुकानातली गुलाबी पावडरची डबी आणि तिच्या मागं आरशात दिसणारी एसटी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर झोपलेलं मांजर. हे फोटो कोणी मागितले नव्हते आणि कोणी विकत घेणारही नव्हतं.

किन्हीराजाच्या एका लग्नात या फोटोंनी घोटाळा केला. लॅबवाल्यानं सगळे फोटो एका गठ्ठ्यात पाठवले आणि कलरभाऊच्या नव्या मदतनिसानं ते तसेच्या तसे अल्बमात चिकटवून टाकले. नवरीचा बाप अल्बम काखेत मारून स्टुडिओत आला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. त्यानं शेवटचं पान उघडून टेबलावर आपटलं.

"लगन माह्या पोरीचं, अन् फोटू बादलीचा?"

कलरभाऊनं वाकून पाहिलं. "चांगला आला ना पण?"

"अबे, चांगला आला म्हणजे? पाव्हणे इचारतात, ही बादली कोणाकडची? नवऱ्याकडची का नवरीकडची?"

"मंग सांगा ना, आंदणात देली म्हणा."

म्हातारा हसला नाही, पण फोटोही काढून मागितला नाही. जाताना म्हणाला, "राहू दे आता. मायच्यानं लाल मोठा निंघाला." ती बादली त्या अल्बमात तशीच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

कलरभाऊचं घर वस्तीत होतं. वस्ती बौद्धांची, आणि घरं निळी. बाजारात मिळतो तो निळा नव्हे. चुन्यात कपड्यांची नीळ कालवून, दरवर्षी त्यावरच नवा हात देऊन, थरावर थर चढलेला निळा. अकोल्याच्या लॅबवाल्याला तो पटत नसे. रंग बिघडला आहे असं समजून तो मशीनवर सुधारून टाकायचा आणि भिंती राखाडी होऊन यायच्या. दोनदा असं झाल्यावर कलरभाऊनं आपल्या घराच्या भिंतीचा एक पोपडा नखानं काढला, रुमालात गुंडाळला आणि एसटीत बसून अकोल्याला गेला. काउंटरवर रुमाल सोडून म्हणाला, "हा असा पाह्यजे. तुह्या मशीनले दाखव." लॅबवाल्यानं काय दाखवलं कोण जाणे, पण त्यानंतर भिंती निळ्या येऊ लागल्या. पोपडा त्यानं तिथंच ठेवून घेतला, मशीनला चिकटवून.

माझं आणि त्याचं भांडण याच गोष्टीवरून असायचं. मला शिकवलं होतं की कलेचा फोटो काळा-पांढराच असतो. रंग कॅलेंडरला, सिनेमाच्या पोस्टरला आणि लग्नाला. मी त्याला ऐकवायचो, "रंगानं माणूस भुलतो, कलरभाऊ. रंग काढून टाकला की मग कळतं, फोटोत काही आहे की नाही."

तो माझ्या मागच्या फळ्याकडे पाहत म्हणायचा, "तुमचं बरोबर असंल सर. पण ब्लॅक अँड व्हाइटमंधी आमच्या घरचे समदे कोणी मेल्यावानी दिसतात. आमी तं जेवून राह्यलो होतो."

एक दिवस तो पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात सगळे उरलेले फोटो भरून माझ्या घरी आला. अंगणातच बसला. त्यानं ते एकेक करून बाजेवर मांडले आणि उन्हाचा कवडसा सरकेल तसे फोटो सावलीत सरकवत राहिला. त्यात त्याच्या आईचा एक होता. निळ्या भिंतीला टेकून ती बसली आहे, मांडीवर पानाचं तबक, हातात अडकित्ता, आणि तोंडातलं पान सांभाळत हसते आहे. मी तो फोटो पुष्कळ वेळ हातात धरला. नागपूरला शिकलो, भिंतीवर माझी जलरंगातली चित्रं होती, पण असं काही माझ्या हातून झालं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी ते बोललो नाही.

"सर, यायले भिंतीवर लावता येईन का कुठं?" त्यानं विचारलं. "इकाले नाही. नुसतं लोकायनं उभं राहून पाहावं. एक डाव." हे विचारताना मात्र तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

पुढच्याच हिवाळ्यात शाळेचा महोत्सव आला. 'आपलं गाव' नावाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. नागपूरहून एक नामांकित पाहुणे बोलावले होते. कलरभाऊचं खोकं मी समितीपुढं उघडलं. तेव्हा माझ्या मनात त्याच्याबद्दल अभिमानच होता, हे मी शपथेवर सांगतो. अध्यक्षांनी फोटो पत्त्यांसारखे पिसले आणि थांबले. "मास्तर, हे निळं लय दिसून राह्यलं. आपलं गाव म्हणून लावाचे फोटो, अन् पाव्हण्याले वाटंल पुरं मालेगाव तिकडचंच आहे."

कोणी हसलं. कोणी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी फोटो लावू नका असं म्हटलं नाही. मला कोणी काही करायला सांगितलं नाही. मीच म्हणालो, "आपण ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करून घेऊ. कलेच्या दृष्टीनंही तेच बरं." अध्यक्ष म्हणाले, "वा, मास्तर. याले म्हणतात डोस्कं." आणि मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी त्या बैठकीची पुष्कळ कारणं स्वतःला दिली. नोकरी होती, बदलीची भीती होती. पण खरं असं की मला बरं वाटलं होतं.

कलरभाऊला मी अध्यक्षांचं बोलणं सांगितलं नाही. त्याला म्हणालो, "मोठ्या प्रदर्शनात रंगीत घेत नाहीत. आणि रंग टिकत नाही. दहा-वीस वर्षांत उडून जातो. काळं-पांढरं पिढ्यान्‌पिढ्या राहतं. तुझं नाव राहावं असं वाटत असेल तर रंग काढ." तो म्हणाला, "तुमी शिकेल आहात सर." त्यानं ते रंगीत फोटो, आणि किन्हीराजाहून मागून आणलेल्या अल्बमातली बादली, खिडकीशी टेबलावर ठेवून काळ्या-पांढऱ्या रोलवर पुन्हा टिपले आणि मागच्या खोलीत मोठे करून आणले. प्रती उत्तम निघाल्या होत्या. त्याचा हातच चांगला.

फोटोंखालच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्याच्या आईच्या फोटोखाली लिहिलं, 'प्रतीक्षा'. पाहुणे त्या फोटोपुढं थांबले आणि म्हणाले, काय वेदना आहे या चेहऱ्यावर. टाळ्या झाल्या. कलरभाऊ इस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी उभा होता. गर्दी सरल्यावर माझ्याजवळ आला.

"सर, माय कोणाची वाट नव्हती पाहून राह्यली. पान लावून राह्यली होती."

"कलेत असं असतं, कलरभाऊ."

"असंल." तो फोटोकडे पाहत राहिला. "घर दिसून नाही राह्यलं पण. माय आहे, अन् घर नाही."

शाळेनं ते फोटो चौकटीत घालून व्हरांड्यात कायमचे लावले. आजही आहेत. त्याच्या नावाची पट्टीही आहे. तेवढं मी केलं.

त्यानंतर लग्नाच्या रोलमध्ये फोटोंची जागा उरली की कलरभाऊ देव्हाऱ्याचा फोटो काढू लागला. ज्याच्या घरी लग्न, त्याच्याच देवाचा. मी एकदा थट्टेनं विचारलं, "काय रे, बादल्या संपल्या का गावातल्या?" तर म्हणाला, "कायले सर, उडूनच जाईन थे." खोक्यातले रंगीत फोटो त्यानं वाटून टाकले. बादलीचा फोटो अल्बमात होताच. न्हाव्याला त्याच्या डबीचा दिला, बिडीवाल्याला त्याच्या हातांचा. आईचा फोटो बहिणीकडे रिठदला गेला. निगेटिव्ह तेवढ्या राहिल्या होत्या, आणि निगेटिव्ह आहेत तोवर सगळंच परत काढता आलं असतं.

मग सूर्यग्रहण आलं. गाव दारं लावून घरात बसलं, पाण्यात तुळशीपत्रं टाकून. वस्तीत मात्र चुली पेटल्या होत्या. मुद्दाम स्वयंपाक करून, मुद्दाम अंगणात बसून लोक जेवत होते. कलरभाऊ कात्री घेऊन ओट्यावर बसला होता आणि निगेटिव्हच्या पट्ट्या कापून पोराबाळांना, बायांना, म्हाताऱ्यांना वाटत होता. "पाहा रे, काई होत नाही. राहू नाही अन् केतू नाही. सावली आहे फक्त. पाहून घ्या." अशानं डोळ्यांना अपाय होतो हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? सारी वस्ती मान वर करून सूर्याकडे पाहत होती. सगळे हसत होते. तोही हसत होता. एवढा आनंदात मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

मीही गेलो होतो, कुतूहलानं. त्यानं मला एक तुकडा दिला. सूर्यापुढं धरण्याआधी मी तो आभाळाकडे धरला आणि ओळखला. मांडीवरचं तबक, हातातला अडकित्ता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं होतं, निळ्या भिंतीचा पिवळा झाला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, हा नको कापू. मी खोटं बोललो होतो, हा ठेव. बाजूला एक लहान पोरगी हात पुढं करून उभी होती, "मले द्या ना गुरुजी, मले." मी तो तुकडा तिला दिला. संध्याकाळी त्या पट्ट्या वस्तीभर मातीत पडल्या होत्या आणि कोंबड्या त्या टोचत होत्या.

पुढं मोबाईल आले आणि स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन उरलं. आमची शेवटची भेट स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर झाली. तो खंगला होता, पण माझ्या मागं पाहण्याची सवय तशीच. मागं काय होतं ते मी त्या दिवशी वळून पाहिलं नाही.

"सर, आता तं समदेच कलर काढतात. भाकरीचा काढतात, चपलेचा काढतात." तो कपात पाहत हसला. मग म्हणाला, "रिठदले गेल्तो. बयनीकडं मायचा फोटू आहे ना, थो पुरा उडून गेला. पांढरा झाला. तुमी म्हणलं होतं, रंग टिकत नाही. खरं निंघालं पाहा."

बहिणीनं तो दाराच्या समोर, उन्हात लावला होता. निगेटिव्ह असती तर दुसरा काढता आला असता. हे दोन्ही मला माहीत होतं. मी म्हणालो, "चहा घे, थंड होतो." दोन महिन्यांनी तो गेल्याचं कळलं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक मुलगी आली. रोजच्या जगण्याचे जुने रंगीत फोटो गोळा करून ती पुस्तक करते आहे. गावोगावचे स्टुडिओ पालथे घालते. शाळेच्या व्हरांड्यात ती बादलीच्या फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. मग माझ्या घरी आली.

"आजोबा, हे मुळात रंगीत होते ना?"

"कशावरून?"

"बादली अशी मधोमध का आहे? काळ्या-पांढऱ्यात तिला तिथं काहीच काम नाही. ती नक्की लाल होती." मग म्हणाली, "तेव्हा असं काम फार थोडे लोक करत होते. मोठ्या शहरांतसुद्धा रंगीत फोटोला कोणी कला मानत नव्हतं. आता मोठमोठ्या दालनांत असेच फोटो लावतात. भिंती, बादल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लोक उभे राहून पाहतात. मूळ फोटो कुठं आहेत?"

"नाहीत."

"का?"

"लॅब बंद पडली," मी म्हणालो. या वयातही तोंडात खोटंच आलं.

ती हिरमुसली. "मग मला घेता येणार नाही ते," म्हणाली आणि पाया पडून गेली.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. नातवाच्या मोटारसायकलवर बसून किन्हीराजाला गेलो. म्हातारा कधीच वारला होता, पण ती नवरी माहेरीच भेटली. आता तीच आजी झालेली. तिनं अल्बम काढून दिला. प्लॅस्टिक फोटोला चिकटून बसलं होतं, सोलायला गेलं तर रंग सोबत येत होता. नवरा, नवरी, मांडव, सगळं एकाच तांबूस रंगाचं झालं होतं. शेवटच्या पानावर बादली होती. हँडपंप तांबूस, चिखल तांबूस, बादली तांबूस. "लाल होती ना हो ही?" नवरीनं मलाच विचारलं.

तिथून रिठदला गेलो. कलरभाऊच्या बहिणीला मी सगळं सांगितलं. अध्यक्षांचं बोलणं, माझं बोलणं, ग्रहणाचा दिवस. भिंतीवर ती चौकट अजून होती. आत कोरा, पिवळसर कागद. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तवाच सांगतलं असतं तं त्यानं ठेवले असते सर. त्याले तुमचं लय होतं." रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आता मला जेवढं येतं तेवढं लिहून ठेवतो. शाळेच्या व्हरांड्यात जाल तेव्हा हे सोबत न्या. बादली लाल होती, आणि हँडपंपाला हिरवा रंग दिलेला होता. बिडी पेटवणाऱ्याचे हात मनगटापर्यंत हळदीचे पिवळे होते, काडीच्या जाळाहून पिवळे. न्हाव्याची डबी गुलाबी, आरशातली एसटी लाल. मडगार्ड निळसर, त्यावरचं मांजर भुरकं. 'प्रतीक्षा' असं लिहिलं आहे तिथं कोणी कोणाची वाट पाहत नाही. ती पान लावते आहे. तिच्या मागची भिंत निळी होती, नीळ कालवलेल्या चुन्याची, थरावर थर चढलेली, उन्हाच्या बाजूनं थोडी फिकी.

तिच्या साडीचा रंग मात्र मला आठवत नाही. बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मले कायचं आठवते? तुमीच तं हातात धरून पाह्यला होता ना थो."

पाहिला होता. अंगणात पाहिला, समितीच्या टेबलावर पाहिला, आभाळाकडे धरूनही पाहिला. तिन्ही वेळा मी भिंतच पाहिली.